जुन्या शंभर सीसी गाडीचा सायलेन्सर पुन्हा पुन्हा फटफटतोय? पॅकिंगला शिव्या देण्याआधी हे बघा

नवं पॅकिंग (इंजिन आणि सायलेन्सरच्या जोडात बसणारी मऊ कडी) टाकलं, आठवडाभर गाडी गप्प चालली, आणि मग एका सकाळी पुन्हा तोच फट-फट आवाज. पुन्हा पॅकिंग, पुन्हा आठवडा. जुनी सीडी १००, स्प्लेंडर किंवा पॅशन घरच्या घरी दुरुस्त करू पाहणाऱ्यांकडून हेच गाऱ्हाणं मी सारखं ऐकतो. आमच्या किनारपट्टीच्या भागात खाऱ्या हवेनं सायलेन्सर लवकर जातात, त्यामुळे हे काम हातून सतत होतं. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. पॅकिंग वारंवार जात असेल तर दोष पॅकिंगचा क्वचितच असतो. सायलेन्सर ताणून बसवलेला असतो. मागचा बोल्ट त्याला एकीकडे ओढतो, पुढचे दोन नट दुसरीकडे, आणि मधल्या मऊ कडीनं ते सगळं मुकाट सोसावं अशी आपली अपेक्षा असते.

खाली लिहिलंय ते आडव्या सिलिंडरच्या शंभर सीसी, फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी. सीडी १०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये; इंजिन ९७.२ सीसीचं आणि सिलिंडर जवळजवळ झोपलेला. त्यामुळे एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर पडण्याचं भोक हेडच्या (सिलिंडरच्या तोंडावरच्या ॲल्युमिनियमच्या भागाच्या) खालच्या अंगाला, जमिनीकडे तोंड करून असतं. सायलेन्सरचा पुढचा वाकडा भाग, म्हणजे बेंड पाइप, तिथून निघतो आणि इंजिनाखालून मागे जातो. त्याच्या तोंडाची पट्टी, म्हणजे फ्लॅंज, हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दोन दांड्यांवर, म्हणजे स्टडवर, नटांनी आवळलेली असते. ही रचना ध्यानात ठेवा. पुढच्या चाकानं उडवलेला सगळा चिखल त्याच दोन स्टडवर जातो, आणि पॅकिंग बसवताना ते हमखास खाली पडतं, याचं कारण हेच.

लक्षणं

गार इंजिन सुरू केल्यावर पुढून, गुडघ्याच्या खालून फट-फट किंवा टिक-टिक आवाज येतो. चढावर किंवा डबलसीट असताना तो वाढतो. गाडी तापली की बऱ्याचदा कमी होतो, कारण धातू फुगून फट थोडी बुजते. हे हेडजवळच्या गळतीचं सगळ्यात भरवशाचं लक्षण.

वाकून हेडच्या खाली बघितलं तर फ्लॅंजच्या एका बाजूला, फिन्सवर किंवा बेंडच्या सुरुवातीला काजळीचा काळा पट्टा दिसतो. पट्टा ज्या बाजूला, फट त्या बाजूला.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाके वाजतात. ॲक्सिलरेटर बंद असताना सिलिंडरमधलं मिश्रण नीट पेटत नाही, काही पेट्रोल तसंच पाइपात येतं. दोन धक्क्यांच्या मधे पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, फट असेल तर तिथून ताजी हवा आत ओढली जाते, आणि तापलेल्या पाइपात ते पेट्रोल पेटतं.

आवाज एकदम जाड, घोगरा झाला तर पुढच्या जोडाकडे जाऊ नका, सायलेन्सरच्या पोटाखाली भोक बघा. आतून खुळखुळ ऐकू येत असेल तर आतली जाळी किंवा पडदा सुटलाय. आवाज उलट दबका झाला, पिकअप गेला, गाडी साठच्या पुढे जायला कुरकुरते, तर सायलेन्सर आतून काजळीनं किंवा तुटलेल्या पत्र्यानं तुंबलेला असू शकतो.

पाइप निळा किंवा सोनेरी पडणं मात्र गळतीचं लक्षण नाही. तो नुसता तापल्याचा रंग आहे. पाइप नवा असूनही फार लवकर आणि फार गडद निळा पडला, तर कार्बोरेटरचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

फुकटात होणारी तपासणी

सगळी कामं गार इंजिनावर आणि उघड्यावर करायची. गाडी मेन स्टँडवर. बंद पडवीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवून आवाज शोधत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गळती शोधताना आपलं नाक नेमकं त्या फटीपाशीच असतं. डोकं जड झालं, मळमळायला लागलं, तर इंजिन बंद करून आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

सगळ्यात आधी स्पार्क प्लग हातानं हलवून बघा. हसू नका. सैल प्लगमधून येणारा फस-फस आवाज सायलेन्सरच्या गळतीसारखाच असतो, आणि त्यापायी चांगला बसलेला सायलेन्सर उगाच उतरवला जातो. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाजही फसवतो. फरक असा की टॅपेट गाडी तापली तरी टिकटिकतोच आणि चढावर विशेष वाढत नाही.

मग साबणाचं पाणी. भांडी घासायच्या साबणाचं पाणी जुन्या स्प्रेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर गार झालेल्या इंजिनाच्या फ्लॅंजवर मारा. गाडी सुरू करा. पहिल्या अर्ध्या मिनिटात जिथे बुडबुडे फुटतात तिथे फट आहे. त्यानंतर पाइप तापतो आणि पाणी नुसतंच वाफ होऊन जातं, म्हणून डोळे आधीपासून तिथे लावून बसा. गळती बारीक असेल तर दुसऱ्या माणसाला हातमोजा घालून, ओलं जाड फडकं सायलेन्सरच्या शेपटाला दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा. आतला दाब वाढतो आणि फट बोलायला लागते. जोड घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडेल. बंद पडलं आणि कुठूनही फस-फस आली नाही, तर पुढचा जोड बहुतेक ठीक आहे असं समजा.

नंतरच्या काही मॉडेलना हेडजवळ बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये आत सोडणारी रबरी नळी असते. ती तडकली किंवा निघाली तरी उतारावर फटाके वाजतात. नळी बोटानं चाचपून बघा. तिथे दोष असेल तर एक क्लिप लावून काम संपतं.

सायलेन्सरच्या पोटाला खालून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. टणटणीत आवाज म्हणजे पत्रा ठीक. बद्द आवाज येतो, खपली पडते, तिथे आतून गंज आहे. इथे एक सांगून ठेवतो. सायलेन्सरच्या खालच्या अंगाला एक बारीक गोल भोक कंपनीनंच दिलेलं असतं, पाणी गळून जायला. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांबच्या पल्ल्यात ते उडून जातं, पण घर ते बाजार, बाजार ते घर अशा फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही आणि पाणी आतच साचतं. ते भोक गळती समजून वेल्डिंगनं बुजवलेले सायलेन्सर मी बघितलेत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांचं पोट सडतं. भोक तुंबलं असेल तर तारेनं मोकळं करा, बुजवू नका.

एका पान्याची तपासणी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची

पुढचे दोन नट दहाच्या पान्यानं गार असताना तपासा. सैल असतील तर दोन्ही पाव-पाव फेरा आवळून बघा, जास्त नाही. आवळण्याआधी फ्लॅंज आणि हेड यांच्यातली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते बघा. एका बाजूला फ्लॅंज टेकलाय आणि दुसरीकडे पत्रा जाईल एवढी जागा आहे, असं दिसलं तर तो तिरका ओढला गेलाय. आणखी आवळून तो सरळ होणार नाही, स्टड तुटेल. दोन्ही बाजूंनी फ्लॅंज हेडला टेकलाच असेल, तरीही आवळण्यात अर्थ नाही: पॅकिंग पुरतं दबून गेलंय किंवा चुकीच्या जाडीचं आहे.

आता मागे या. सायलेन्सर चौकटीला धरणारा मागचा बोल्ट (काही मॉडेलला दोन) हळूहळू पूर्ण सैल करा आणि त्या क्षणी सायलेन्सरकडे बघत राहा. तो जागचा हलला नाही, बोल्ट बोटांनी सहज आत-बाहेर होतो, तर बसवणी बरोबर आहे. बोल्ट सुटताच सायलेन्सर टणकन बाहेर उडाला, खाली बसला किंवा भोकासमोरून सरकला, तर तुमचं पॅकिंग का जातं हे कळलं. तो बोल्ट गाडी चालताना दर सेकंदाला पुढच्या जोडाला पहारीसारखा उचकटत होता. सायलेन्सर लांबलचक, आणि पुढे त्याला धरणारे स्टड सहा मिलिमीटरचे. मागे चार मिलिमीटरची ओढ असली तरी पुढच्या कडीच्या एका बाजूवरचा दाब जातो.

एक मुलगा एकदा म्हणाला, "काका, पॅकिंग कंपनीचंच टाकलंय हो, तरी जातंय." मी मागचा बोल्ट काढला, सायलेन्सर बोटभर बाहेर सरकला. गाडी कधीतरी त्या बाजूवर पडली होती आणि पट्टी आत वाकली होती. पॅकिंग सोन्याचं असतं तरी गेलंच असतं.

ओढ येण्याची कारणं साधारण तीनच असतात. गाडी पडून वाकलेली पट्टी. बाजारातला स्वस्त सायलेन्सर, ज्याची मागची पट्टी मुळातच थोडी चुकीच्या जागी वेल्ड केलेली असते. आणि आवळण्याचा उलटा क्रम. पहिल्या दोन्हींवर बरेच जण पहार घालून सायलेन्सर भोकासमोर आणतात आणि बोल्ट ठोकतात. असं करू नका. सायलेन्सर उतरवून, हातात धरून त्याची पट्टी वाकवा, किंवा पट्टीचं भोक गोल कानशीनं हव्या त्या दिशेला लांबट करा आणि वर मोठा, जाड वॉशर टाका. कानशीची दहा मिनिटं पुढची कित्येक पॅकिंगं वाचवतात.

उतरवणं

पॅकिंग बदलायचंच ठरलं, तर आदल्या रात्रीपासून सुरुवात करा. दोन्ही नटांवर, जिथे स्टड नटातून बाहेर डोकावतो तिथे, तारेच्या ब्रशनं गंज काढा आणि डब्ल्यूडी-४० किंवा डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून सोडा. रात्री एकदा, सकाळी पुन्हा. घाई इथेच नडते. हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड लोखंडाचा. तीस वर्षं चिखल खाल्लेला नट सुटण्याआधी स्टड मोडायला तयार असतो.

फिक्स पाना नको, रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा. फिक्स पाना घसरला की नटाचे कोपरे गोल होतात आणि साधं काम अवघड होतं. नट अडला तर जोर लावत राहू नका. जरा सैल, जरा घट्ट, पुन्हा जरा सैल, मधे तेल. किरकिर आवाज येत नट हलतोय तोवर सगळं ठीक आहे. नट रबरासारखा लवचिक वाटायला लागला, म्हणजे पाना फिरतोय पण काही सुटत नाहीये, तर थांबा. स्टड पिळला जातोय. आणखी अर्धा फेरा आणि तो हातात येईल.

कधी नट सुटण्याऐवजी स्टडसकट बाहेर येतो. घाबरू नका, हे उलट बरं झालं. स्टडचे आटे नीट असतील तर साफ करून परत लावता येतो. नसतील तर नवा स्टड किरकोळ किमतीत मिळतो.

मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी काढा आणि सायलेन्सरखाली वीट किंवा लाकडाचा ठोकळा द्या. पुढचे नट काढून सायलेन्सर मागच्या बोल्टवर लोंबकळत ठेवला की पट्टी वाकते. काही गाड्यांत फूटरेस्टचा दांडा आड येतो. तो सैल करा, सायलेन्सर पिळून बाहेर ओढू नका.

आत राहिलेलं जुनं पॅकिंग

आता टॉर्च घ्या आणि खालून हेडच्या भोकात बघा. नवखा माणूस हमखास जिथे फसतो ती ही जागा. जुनं पॅकिंग दबून, जळून, काजळीनं माखून भोकाच्या तळाशी असं चिकटलेलं असतं की ते हेडचाच भाग वाटतं. मग त्याच्यावर नवं बसवलं जातं. दोन पॅकिंगं एकावर एक कधीच सारखी दबत नाहीत. गळती राहते आणि फ्लॅंज पुरता आत जात नाही म्हणून नट जास्त आवळले जातात, तिथून गोष्ट स्टडवर येते. एकाखाली एक तीन कड्या निघालेली गाडीही मी बघितली आहे.

जुनी स्पोक टोकाला वाकवून आकडा करा, किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं कडेनं हळूच उचला. ॲल्युमिनियमवर चरे पाडू नका, चरा म्हणजे नवी फट. खरवडताना आधी पाण्याचा फवारा मारा आणि नाकाला मास्क लावा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची कोरडी धूळ फुंकून उडवायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारायची नाही. भोकाचा खालचा कठडा सगळीकडे सारखा, चमकदार दिसला की आत काही राहिलं नाही असं समजा.

बेंड पाइपाचं तोंडही बघा. त्याची कडा काचेच्या तुकड्यावर टेकवली तर सगळीकडून बसली पाहिजे. किंचित उंचसखल असेल तर कानशीनं सपाट होते. कडेला चीर असेल किंवा कडा पाइपापासून सुटायला आली असेल, तर पॅकिंगवर पैसे घालवू नका, आधी वेल्डिंग.

बसवणं

पॅकिंग मॉडेल सांगूनच घ्या, आणि शक्य असेल तर जुनं सोबत न्या. नवं पॅकिंग जुन्यापेक्षा जाड दिसेल, ते बरोबर आहे. ते दबण्यासाठीच असतं आणि एकदाच दबतं. म्हणून सायलेन्सर उतरवला की नवं टाकायचं, जुनं "अजून चांगलं आहे" म्हणून परत लावायचं नाही. चहा-वड्याच्या पैशात येणारी वस्तू आहे.

सिलिकॉन लावू का, असा प्रश्न हमखास येतो. या जोडाला नको. हेडच्या तोंडाशी तापमान इतकं चढतं की साधं सिलिकॉन जळून खपली होतं आणि तिथेच फट ठेवून जातं. पाण्याच्या नळाला लावतात ती दोन रंगांची पुट्टी तर पहिल्याच फेरीत गळून पडते. सायलेन्सरसाठी मिळणारी खास पेस्ट मागच्या जोडांना, बारीक भोकांना काही दिवस चालते. पुढे फक्त कोरडं, स्वच्छ पॅकिंग.

भोक खाली तोंड करून असल्यानं पॅकिंग पडतं. त्याला दोन-तीन ठिकाणी ग्रीसचा ठिपका लावून वर चिकटवा. पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर थोडा धूर निघेल, तो ग्रीसचा. ज्या मॉडेलला फ्लॅंजच्या आत दोन अर्ध्या कड्या असतात, तिथे त्या दोन्ही समोरासमोर नीट बसल्यात का ते फ्लॅंज वर सरकवण्याआधी बघा. एक कडी तिरकी राहिली तर नट कितीही आवळा.

स्टडवर कॉपर ग्रीसचं बोट फिरवा, पुढच्या वेळी नट सुटतील. पितळी नट मिळाले तर ते घ्या, गंजून जाम होत नाहीत.

आता क्रम. पुढचे दोन नट फक्त बोटांनी, फ्लॅंज लोंबकळणार नाही इतपत. मग मागचा बोल्ट, तोही फक्त बोटांनी. तो भोकात आपसूक गेला पाहिजे. नाही गेला तर वर सांगितलेली कानस. मग सायलेन्सर हातानं थोडा हलवून त्याला स्वतःची जागा घेऊ द्या. यानंतर पुढचे नट आळीपाळीनं, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, दर वेळी फट दोन्हीकडून सारखी आहे का ते बघत. पुढचं काम पूर्ण झालं की मगच मागचा बोल्ट आवळायचा. मागचा आधी आवळला तर पॅकिंगला बसायला मोकळीकच उरत नाही.

किती आवळायचं? तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच. नसेल तर सहा मिलिमीटरच्या स्टडला साधारण १० न्यूटन-मीटर पुष्कळ झालं. म्हणजे १० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर दहा किलोंचा जोर. आखूड पाना मनगटानं फिरवून जेवढं होतं तेवढंच. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही.

गाडी सुरू करा, पंधरा-वीस मिनिटं फिरवा, आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावर पुढचे नट पुन्हा तपासा, बहुतेकदा पाव फेरा घेतात, कारण पॅकिंग तापून आणखी बसलेलं असतं. हा दुसरा हात दिला नाही म्हणूनही बरीच पॅकिंगं "आठवड्यात जातात". पुन्हा साबणाचं पाणी मारून बघा.

नवा सायलेन्सर घ्यावा लागला तर

दुकानातच जुना आणि नवा एकमेकांशेजारी ठेवून पुढच्या तोंडापासून मागच्या भोकापर्यंतचं अंतर आणि पट्टीचा कोन ताडून बघा. फरक बोटभर असेल तर दुसरा काढायला सांगा. पोकळ, जाळी काढलेला सायलेन्सर घेऊ नका. आवाज मोठा म्हणजे ताकद जास्त, असं या शंभर सीसीच्या इंजिनात काही होत नाही. उलट मिश्रण बिघडतं. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेत. पीयूसीसुद्धा गळती काढल्यावरच करा. फटीतून शिरलेल्या हवेनं आकडा खोटाच खाली दिसतो. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे, त्याआधीच्यांना ४.५; बीएस-४ या प्रदूषणाच्या मापदंडापासूनच्या गाड्यांना आणखी कडक.

इथे पाना खाली ठेवा

स्टड मोडला आणि त्याचा तुकडा हेडच्या बाहेर डोकावतोय, तर तेल सोडून, ग्रिप पान्यानं पकडून हळू प्रयत्न करायला हरकत नाही. पण तो हेडच्या पातळीला किंवा आत मोडला असेल तर घरचं ड्रिल काढू नका. लोखंड कठीण, ॲल्युमिनियम मऊ. ड्रिल लोखंडावरून घसरून शेजारच्या मऊ धातूत घुसतं आणि भोक वाकडं होतं. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (मोडका स्टड काढायचं हत्यार) आत मोडला तर तो ड्रिलनंही निघत नाही. सरळ स्टडचं काम लेथवाला थोडक्यात करतो. बिघडवून नेलेल्या हेडचे तो जास्त पैसे घेईल, आणि ते वाजवीच असेल.

हेडमधले आटे गेले असतील, म्हणजे स्टड नुसताच फिरतोय, तर जाडा स्टड ठोकून बसवायचा उद्योग करू नका. हेलिकॉइल (आट्यांचं तारेचं वेटोळं) टाकून मूळ मापाचे आटे परत करता येतात. त्याला बरोबर मापाचा टॅप आणि सरळ हात लागतो.

घरी ज्वाला लावून नट तापवायचे नाहीत. या गाडीत पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर त्या नटांपासून हातभरच लांब आहेत. वेल्डिंग असेल तर सायलेन्सर उतरवून न्या. गाडीवरच करायचं म्हणत असतील तर दुसरा वेल्डिंगवाला शोधा.

जोड साबणाच्या पाण्यानं तपासून पक्का निघाला, मागे ओढ नाही, नळी शाबूत आहे, तरी फटाके वाजतात किंवा शेपटातून अनियमित फुस-फुस येते, तर दोष सायलेन्सरचा नाही. कार्बोरेटर, टॅपेटचं अंतर किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक बघावी लागेल. किक नेहमीपेक्षा हलकी लागत असेल तर व्हॉल्व्हचा संशय जास्त. मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं "सायलेन्सर फटफटतो" असं सांगू नका. काय काय तपासलं, गार असताना काय होतं, तापल्यावर काय, हे सांगा. नाहीतर तोही आधी पॅकिंगच बदलेल.